आडनाव नसलेली फाईल

मला कॉम्प्युटर येतो अशी आवई रत्नागिरीत उठली होती, आणि ती उठवणाऱ्यांत मी स्वतः आघाडीवर होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बी.एस्सी. झाल्यावर मी मुंबईत मावशीकडे राहून सहा महिन्यांचा कोर्स केला आणि तेवढ्या भांडवलावर गावी येऊन एकदम 'सर' झालो. वय चोवीस. टायपिंगच्या एका क्लासच्या मालकांनी शेजारची खोली रिकामी करून दोन मशिनं आणली होती आणि ती चालवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशातला प्रकार.

खोलीत चपला घालून यायची बंदी होती. चिऱ्याची तांबडी धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद असत आणि मशिनांवर मालकांच्या बायकोने पडद्याच्या उरलेल्या कापडाची झालरवाली झाकणं शिवली होती. झाकण काढून, घडी करून, मग मी मशिनाच्या पडद्याला हात जोडल्यासारखं काहीतरी करायचो आणि बटण दाबायचो. पोरांवर छाप पडायची. मला ती पडलेली आवडायची.

माझा गाजलेला धडा म्हणजे फाईलींची आडनावं. फाईलच्या नावापुढे टिंब आणि टिंबापुढे तीन अक्षरं असत. मी सांगायचो, "नाव काहीही असू दे, आडनाव बघा. आडनावावरून घर कळतं, घर कळलं की दार कुठलं ते कळतं." डीबीएफ आडनाव असेल तर डीबेस, म्हणजे याद्या ठेवायचा प्रोग्रॅम, त्याच्या दाराने आत. टीएक्सटी असेल तर साधा मजकूर, तो कुठेही उघडतो. एका घरची फाईल दुसऱ्या घरात न्यायची तर तिची आयात करावी लागते, आणि आयातीची आज्ञा अशी अशी. मुलं हसत आणि लिहून घेत. आमच्याकडे माणूस भेटला की पहिलं आडनाव विचारायचं आणि मग त्याला कुठे बसवायचं, कुठल्या कपात चहा द्यायचा ते ठरवायचं, ही रीत सगळ्यांना पाठच होती. मी ती फक्त मशिनाला लावली. त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

आयातीच्या धड्यासाठी माझ्याकडे तीन फाईली होत्या, मुंबईहून आणलेल्या. त्या तीन फाईली दर वेळी न चुकता आत यायच्या. चौथी फाईल मी कधी आयात केली नव्हती. वर्डस्टार ह्या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये लिहायला बसताना सुरुवातीला डी दाबायचं की एन, हे मी शिकवायचो: पत्र असेल तर डी, मशिनाला खायला घालायचा मजकूर असेल तर एन. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पाढे पाठ असले की गणित येतं असा माझा समज होता.

त्या बॅचमध्ये एक बाई होत्या. पूर्णगडच्या, तिशीला आलेल्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. नवरा कुवेतला. बी.ए. होऊन त्यांनी उर्दू शाळेत बदलीवर वर्षभर शिकवलं होतं आणि ती जागा गेल्यावर त्या घरी बसल्या होत्या. सकाळच्या एस.टी.ने यायच्या, दुपारच्या एस.टी.ने जायच्या. सासऱ्यांनी मुदत घालून दिली होती. शिमग्यापर्यंत क्लास करायचा. तोवर नोकरी लागली तर लागली, नाहीतर पुरे झालं, घरी बसायचं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मालकांना सांगितलं होतं, आणि मालकांच्या पोटात काही राहत नसे.

बाई प्रश्न विचारायच्या. बाकीची मुलं मान डोलवत, ह्या बाई मात्र हात वर करीत आणि मला घाम फोडत. एकदा त्यांनी साध्या मजकुराच्या एका फाईलचं टीएक्सटी पुसून डीबीएफ केलं आणि ती डीबेसमध्ये उघडायला गेल्या. अर्थातच उघडली नाही. मला म्हणाल्या, "सर, आडनाव बदलून माणूस बदलत नाय, असंच ना? मग आतमधे काय हाय ते बघायला पायजे. आडनाव बघून काय कळणार?"

माझ्या गाजलेल्या धड्याचं दोन वाक्यांत पिठलं करून बाई शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. मुलं हसली. मी म्हणालो, "बाई, नसते उद्योग करू नका, मशीन बिघडेल." बरोबर होत्या त्या. तिथेच 'बरोबर' म्हणालो असतो तर माझं काय गेलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

माघ महिन्यात एमआयडीसीतल्या आंब्याच्या एका कॅनिंग कारखान्याचे मॅनेजर आमच्याकडे आले. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला माणूस हवा होता. त्यांच्या मुंबईच्या ऑफिसातून एक फ्लॉपी आली होती. तिच्यात बागायतदारांची यादी होती: नाव, गाव, तालुका, कलमांची संख्या. ती यादी डीबेसमध्ये घ्यायची, तालुकावार लावायची आणि प्रत्येक बागायतदाराला हंगामाआधी पोस्टकार्ड छापून पाठवायचं. "जो कोणी ही यादी आत घेऊन दाखवील, त्याला सोमवारपासून कामावर घेतो," मॅनेजर म्हणाले.

मालकांनी बाईंचं नाव सुचवलं, आणि मीही. तेवढं खरं मी बोललो. त्या सगळ्यांत पुढे होत्या हे मला माहीत होतं. बाईंनी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली. शिमग्याला तेव्हा तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सगळी बॅच त्यांच्या खुर्चीमागे जमली. मी हाताची घडी घालून उभा. बाईंनी आधी फ्लॉपीवर काय आहे ते पाहिलं. एकच फाईल होती आणि तिच्या नावापुढे टिंबही नव्हतं, तीन अक्षरंही नव्हती.

"सर, ह्याला आडनावच नाय."

"साधा मजकूर असणार," मी ऐटीत म्हणालो. "घ्या आत."

त्यांनी आज्ञा दिली. मशीन खरखरलं आणि यादी आत आली. बाईंनी ती पडद्यावर मागवली, आणि मागे उभी असलेली मुलं पुढे वाकली. इंग्रजी अक्षरांत नावं होती, गावं होती, पण प्रत्येकाच्या अंगावर काहीतरी उठलं होतं. 'खेड'च्या शेवटच्या डीच्या जागी ग्रीक सिग्मा. 'गुहागर'च्या शेवटी आर नाही, गणितातलं 'पेक्षा मोठे किंवा समान' हे चिन्ह. कलमांच्या आकड्यांत आडव्याउभ्या रेघा घुसलेल्या. बाईंनी डीबेसमधून बाहेर पडून मूळ फाईलच पडद्यावर टाकली. तिथेही तेच. हिरव्या अक्षरांत ती चिन्हं किडीसारखी दिसत होती.

बाईंनी मान वळवली. "सर?"

दहा-बारा जोड्या डोळे माझ्यावर होते. दारात मालक येऊन उभे राहिले होते. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडाशी आलेसुद्धा नाहीत, हे मी आज लाजेने कबूल करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या आठवड्यात पेपरात कॉम्प्युटरच्या व्हायरसविषयी काहीतरी छापून आलं होतं. आत काय होतं ते मी अर्धंच वाचलं होतं, पण शब्द लक्षात राहिला होता.

"व्हायरस," मी म्हणालो. "फ्लॉपी काढा. आधी काढा ती."

"वर्डस्टारमधे एकदा उघडून बघू काय?" बाई म्हणाल्या. "तिकडे कशी दिसते—"

"नाही!" मी जवळजवळ ओरडलो. "हात लावू नका. दुसरीकडे पसरेल."

तिथे उघडली असती तर यादी स्वच्छ दिसली असती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

त्यानंतर जे झालं ते मला आधी दिसायला हवं होतं. व्हायरस म्हणजे काय हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, मला धरून. पण विटाळ म्हणजे काय ते सगळ्यांना जन्मापासून माहीत होतं. मालकांनी उदबत्ती लावली. कीबोर्ड ओल्या फडक्याने पुसून घेतला. दुसऱ्या दिवशीपासून त्या मशिनावर बाईंच्या नंतर बसायला कुणी तयार होईना. बाईंच्या स्वतःच्या दोन फ्लॉप्या, ज्यांचा त्या यादीशी काही संबंध नव्हता, कुणीतरी सगळ्यांच्या डब्यातून काढून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात घातल्या आणि डबा खिडकीत ठेवला. एक मुलगी मला हळूच म्हणाली, "सर, तिकडून काय काय आणतात हो ती लोकं. आखातातून येतं ना सगळं." मुंबईच्या ऑफिसातून आलेली फ्लॉपी एका रात्रीत आखातातून आलेली झाली. मी म्हणालो, "चला, आपापल्या जागेवर बसा." ह्यापलीकडे काही बोललो नाही. खिडकीतला डबा मला रोज दिसत होता. तो मी उचलून परत जागेवर ठेवू शकत होतो. त्याला कॉम्प्युटरचं ज्ञान लागत नव्हतं.

फ्लॉपी काढली त्याच दुपारी बाईंनी काय केलं असेल? मी असतो तर फ्लॉपी गुपचूप परत केली असती, 'जमलं नाही' म्हणून. बाई रिक्षाने एमआयडीसीत गेल्या आणि मॅनेजरना तोंडावर सांगून आल्या, "ह्या फ्लॉपीत व्हायरस हाय, आमच्या सरांनी बघितलाय. तुमच्या नव्या मशिनाला ही लावू नका." मॅनेजर घाबरले. त्यांनी बाईंचे आभार मानले, फ्लॉपी कागदात गुंडाळून कपाटात टाकली आणि म्हणाले, मुंबईला विचारतो, तोवर थांबा. सोमवार गेला. बाई थांबल्या.

शुक्रवारी दुपारी क्लास रिकामा होता. डोंबिवलीच्या एका शाळेत मला नोकरीसाठी अर्ज करायचा होता, तो मी वर्डस्टारमध्ये, डी दाबून, पत्र म्हणून लिहिला. छापण्याआधी सहज, काही कारण नसताना, मी तो बाईंसारखा, प्रोग्रॅममधून बाहेर पडून, पडद्यावर टाकून पाहिला. माझ्या नम्र विनंतीच्या प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर ग्रीक झालं होतं. तेच सिग्मा, त्याच रेघा.

मी आधी खरंच घाबरलो. मला वाटलं, व्हायरस आला. माझी थाप माझ्याच मानगुटीवर बसली होती. मग अर्ज परत वर्डस्टारमध्ये उघडला, अगदी स्वच्छ. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. डी दाबून लिहिलं की, शब्द कुठे संपतो त्याची खूण म्हणून, वर्डस्टार शेवटच्या अक्षराला आतून एक चिमटा लावतो. वर्डस्टारला तो चिमटा दिसत नाही. बाकीच्यांना अक्षरच वेगळं दिसतं. मुंबईच्या टायपिस्टने यादी पत्रासारखी लिहिली होती, एवढंच. रोगबिग काही नव्हता.

उपायही तासाभरात सापडला. छापायची आज्ञा दिली की वर्डस्टार विचारायचा, कागदाऐवजी डिस्कवर छापू का? त्या प्रश्नाला आम्ही कायम एंटर मारून पुढे जायचो. मी पहिल्यांदा वाय दाबलं. नवी फाईल तयार झाली, चिमटे गळून पडलेले, आणि ती डीबेसमध्ये निमूट आत आली. वाय, एवढं एक बटण. मी खुर्चीत बसून राहिलो. मला आनंद झाला होता हे सांगायलाच हवं. नवीन काही कळल्याचा आनंद, क्षणभर का होईना, लाजेच्या आधी आला.

शनिवारी सकाळी सांगायचं असं ठरवून मी जिना चढलो. वर मालक दोन पालकांशी बोलत होते. "आमच्या मास्तरांनी नुसत्या नजरेने ओळखला हो व्हायरस. कारखान्याचे मॅनेजर स्वतः म्हणाले, तुमच्यामुळे आमचं मशीन वाचलं. असा माणूस तुम्हाला इथे दुसरीकडे कुठे मिळणार?" पालकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "काय मास्तर?" मी हसलो.

सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी बाई आल्या नव्हत्या, त्यांच्या सासूला बरं नव्हतं. मंगळवारी मला वाटलं, एकदम सगळ्यांसमोर नको, एकट्या असताना सांगू. एकट्या त्या कधीच नसायच्या. तशी माझी सोय होती. डोळ्यांसमोर शिमगा जवळ येत होता आणि मी रोज फाईलींची आडनावं शिकवत होतो. कारखान्यात जाऊन मॅनेजरना सांगावं असंही मनात आलं. एकदा मी सायकल काढून नाक्यापर्यंत गेलो, तिथे पानवाल्याशी अर्धा तास बोललो आणि परत आलो. हे सगळं मला तारीखवार आठवतं. चांगली कामं केलेली असतात ती माणूस विसरतो.

पुढल्या आठवड्यात कारखान्याकडून निरोप आला. पोस्टकार्डं मुंबईलाच छापून घेणार होते. इथे माणूस घ्यायचं पुढच्या वर्षी बघू. निरोप मालकांनी बाईंना सगळ्यांसमोर सांगितला. बाई "बरं" म्हणाल्या आणि समोरचा सराव पुरा करूनच उठल्या.

शिमग्याच्या पालख्या बाहेर पडायच्या चार-पाच दिवस आधी, त्या शेवटच्या आल्या. क्लास सुटला होता. मुलं जिन्यात चपला शोधत होती आणि खोलीत आम्ही दोघंच होतो, मला हवं होतं तसं. बाईंनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्या दिवशी पडद्यावर दिसलेल्या यादीतल्या पाच-सहा ओळी त्यांनी तेव्हाच उतरवून घेतल्या होत्या, चिन्हांसकट. मला दिसलंसुद्धा नव्हतं. प्रत्येक चिन्हाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती.

"सर, जायच्या आधी एक विचारते. घरी बसून बघितलं मी हे. बिघडलेलं अक्षर प्रत्येक वेळी शब्दाचं शेवटचं हाय. मधलं एकपण नाय. आणि खेडच्या डीचं जे झालं, तेच चिन्ह जिकडे जिकडे डी शेवटी हाय तिकडे. रोग असा शिस्तीत लागतो काय ओ?"

मी कागद जवळ ओढला. पुस्तक नाही, मशीन नाही, पूर्णगडला घरात बसून, भाकऱ्या थापून झाल्यावर ह्या बाई जवळजवळ तिथे पोचल्या होत्या जिथे मी नशिबाने धडपडलो होतो. एक पाऊल राहिलं होतं. ते माझ्या खिशात होतं. बाकी सगळं अजून होण्यासारखं होतं. मॅनेजरना भेटता आलं असतं, सासऱ्यांना निरोप धाडता आला असता, शिमगा झालेला नव्हता.

"सर?"

बाहेर जिन्यात मालकांचा आवाज आला. ते वर येत होते, कुणाशी तरी बोलत.

"तसाच असतो तो," मी म्हणालो. "हा व्हायरस शेवटच्या अक्षरालाच लागतो. त्याची जातच तशी."

बाईंनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मी नजर हलवली नाही. तेवढं मला चांगलं जमत होतं. मग त्यांचा चेहरा सैल झाला, मनावरचं काहीतरी उतरल्यासारखा. त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

"मग माफ करा हां सर," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मनातल्या मनात मी तुमच्यावर शंका घेतली. मला वाटलं, सरांनाच कळलं नसेल, आणि सांगायला लाजत असतील. वाईट वाटलं मला माझंच. गुरूवर अशी शंका घेऊ नये."

मी म्हणालो, "असू दे, बाई. होतं असं कधी कधी."